टपाची खोळ आणि एक टाचणी

टपवाले काका मुळातच भित्रे. किती, तर घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचे, चौथ्यांदा जिन्यावरून परत येऊन बघायचे, आणि तरीही वाटेत बायकोला विचारायचे, "अगं, कुलूप लागलंय ना?" बायको म्हणायची, "कुलूप लागलंय. तुमचा जीव तेवढा टांगून ठेवलाय तिथे."

पण या भित्रेपणानेच त्यांना कारागीर केलं होतं. गाड्यांचे कापडी टप शिवणारे शहरात आणखी चारपाच जण होते. ते एक शिवण मारायचे तिथे काका दोन मारायचे, कारण पहिली उसवली तर? माप एका टेपने घेतलं की ते दुसऱ्या टेपने ताडून बघायचे, कारण टेपच खोटी निघाली तर? त्यांनी शिवलेला टप चाळीस वर्षांत कधी गळला नाही. गळेल या धास्तीने काका मात्र निम्मे झाले होते.

धंद्यातले दोन नियम त्यांना उस्तादांनी घालून दिले होते. मापाच्या वेळी आडव्या डोक्याच्या लांब टाचण्या ओठांत धरायच्या, बाराच, आणि ओठांत टाचणी असेपर्यंत माणूस मुका. हा पहिला. आणि कापड गाडीवरून उतरवलं की आधी टाचण्या मोजायच्या, मग मशीनला बसायचं. उस्ताद जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण हे दोन्ही मोडायची काकांची छाती झाली नव्हती. ते दोन्ही एकाच सकाळी मोडले, आणि मोडायला लावलं ते मुख्याध्यापक बाईंनी.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. यजमान गेले, मागे एक जुनी दोन दारांची गाडी ठेवून गेले, टप मागे दुमडून उघडी करता येणारी. असा टप दुमडला की मागच्या सीटमागे त्याचा ढीग होतो, आणि वर काही नसेल तर त्यात धूळ भरते, वाऱ्याने कापड फडफडतं. म्हणून त्या ढिगावर खोळ घालतात आणि काठाकाठाने टिचबटणांनी आवळून बसवतात. बाईंची जुनी खोळ विरून गेली होती. नवीसाठी त्यांनी सायीच्या रंगाचा कॅनव्हास निवडला.

"मळेल हो बाई," काका म्हणाले.

"मळू दे. आमच्या ह्यांना हाच रंग आवडायचा. तुम्ही आधी हात दाखवा."

काकांनी निमूट दोन्ही हात पुढे केले. बाईंनी चष्म्यातून आधी तळवे पाहिले, मग पालथे करायला लावून नखं पाहिली. "ठीक आहे. करा सुरुवात."

काकांनी टप दुमडला, सुरकुत्या हात फिरवून काढल्या, कापड ढिगावर पसरलं आणि ओठांत बारा टाचण्या धरून कडेने टाचायला घेतलं. बाई शेजारी स्टुलावर बसून बोलत होत्या. साखरेच्या आजाराने बोटं मेली आहेत, म्हणाल्या. काही टोचलं तरी कळत नाही. मागच्या वर्षी तळपायात काच घुसली होती, ती तीन दिवसांनी मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळली. पायाचं एक बोट कापावं लागलं. "पण बटणं माझी मीच लावणार हं. बोटांना कळत नसलं तरी कानांना टच्‌ ऐकू येतं."

काकांनी ओठ न उघडता मान हलवली. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"चाळीस वर्षं 'गप्प बसा, गप्प बसा' म्हणून घसा फोडला मी. प्रत्येक पोराच्या तोंडात अशा टाचण्या दिल्या असत्या तर!"

काकांना हसू आलं. आलं ते असं आलं की ठसका लागला, उरलेल्या टाचण्या ओठांतून खाली सांडल्या. त्या गोळा करण्यात, बाईंनी आणून दिलेलं पाणी पिण्यात आणि पुन्हा हसण्यात मोजायचं राहून गेलं. काका थेट मशीनवर बसले. काठ दुमडून शिवला, आतून अस्तर लावलं, बटणं ठोकली. नवी बटणं घट्ट म्हणून लाकडी ठोकळ्याने दाबून सगळी बसतात का ते बघून घेतलं. तीन वाजता बाईंनी ऊन म्हणून टप वर केला, खोळ घडी करून सीटवर ठेवली आणि निघाल्या. "संध्याकाळी उघड्या गाडीतून फेरी मारणार. कधीपासून वाट बघतेय," जाताना म्हणाल्या.

साडेचारला काकांनी टाचण्यांची डबी उघडली. अकरा.

पुन्हा मोजल्या, अकरा. जमीन झाडली, मशीनखाली चुंबक फिरवलं, अकराच. मग त्यांना तो ठसका आठवला आणि पोटात गोळा आला. तो गोळा त्यांना टाचणीसारखा लांबट लागू लागला. आधी घशाशी, मग छातीत, मग बेंबीच्या डावीकडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. बायको चहा घेऊन आली तर हे भिंतीला टेकून ताठ उभे.

"अहो, झालं काय?"

"हलवू नकोस मला. मी टाचणी गिळलीय."

बायकोने दुसरा प्रश्न विचारला नाही. स्कूटर काढली, नवऱ्याला मागे बसवलं आणि दवाखाना गाठला. प्रत्येक खड्ड्याला काका डोळे मिटून पोट धरत होते. तिथे एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि हसून म्हणाल्या, "काही नाही पोटात. निर्धास्त घरी जा."

बायकोने सुटकेचा श्वास टाकला. काकांच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

"नीट बघा ना," ते म्हणाले. "असेल हो. एखाद्या कोपऱ्यात असेल."

"अहो, नाही म्हणताहेत ना त्या!" बायको म्हणाली. "आनंद माना की."

"पोटात नाही, तर मग कुठेय?" काका म्हणाले. "खोळीत शिवली गेली, अगं. बाईंच्या बोटांना कळत नाही काही टोचलेलं. एक बोट आधीच गेलंय त्यांचं."

आयुष्यभर काका स्वतःसाठी घाबरले होते. कुलूप, गॅस, पोट, सगळी भीती घरातली. दुसऱ्या माणसाच्या हाताबद्दल अशी भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली, आणि ती पहिल्या सगळ्या भीतीच्या वरताण होती. त्यांनी बाईंना फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. बाहेर ऊन उतरलं होतं.

"चल," ते म्हणाले. आणि ज्या माणसाने तीस वर्षं स्कूटरवर मागे बसून "हळू गं, हळू" एवढंच म्हटलं होतं, तो बायकोच्या खांद्याला धरून "जोरात घे, अजून जोरात" ओरडत होता.

बाईंच्या फाटकातून आत शिरले तर गाडी अंगणात उभी. टप दुमडलेला, खोळ चढवलेली. बाई चष्मा न लावताच, कानांच्या भरवशावर, शेवटच्या बटणाशी वाकल्या होत्या. टच्‌ झालं आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"अरे, तुम्ही? बघा, अठराच्या अठरा लावली! कुणाची मदत नाही."

काका बघत होते. सायीच्या रंगाच्या त्या कापडावर पहिली तीन बटणं स्वच्छ होती. चौथ्याशी एक लाल ठिपका होता. पाचव्याशी होता, सहाव्याशी होता. चौथ्यापासून अठराव्यापर्यंत, प्रत्येक बटणाशेजारी अंगठ्याएवढा एक लाल ठसा ओळीने उमटला होता. बाई हसत उभ्या होत्या आणि त्यांच्या साडीवर थेंब पडत होते.

काका पुढे झाले, बाईंचा हात वर धरला. अंगठ्याच्या मांसल भागात खोल भोक होतं. बायको घरात पाणी आणायला धावली. काकांनी चौथ्या बटणापाशी काठावरून तळवा दाबून फिरवला. कापड ओढून बसवल्यावर शिवणीतून टोक बाहेर आलं होतं, ते त्यांच्या तळव्यात रुतलं. बारावी टाचणी.

"माझी आहे," ते म्हणाले. "मी मोजल्या नाहीत. बाई, मी मोजल्या नाहीत." पाण्याने तो अंगठा धुताना ते रडत होते, आणि काय विचारावं ते न सुचून त्यांनी विचारलं, "दुखतंय का हो?"

"मला कुठलं दुखतंय!" बाई म्हणाल्या. आता त्यांचाही चेहरा उतरला होता, तरी आवाज शाळेतलाच होता. "पण तुम्हाला फार लागलेलं दिसतंय."

त्याच स्कूटरवरून आधी बाई आणि मग काका त्याच डॉक्टरीणबाईंकडे पोचले. जखम भरायला तेवीस दिवस लागले. मधे एकदा अंगठा सुजला, लाल झाला, तेव्हा काकांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मलमपट्टीला बाईंना नेणं-आणणं त्यांनी एकही दिवस चुकवलं नाही. नवी खोळ शिवली, टाचण्यांऐवजी खडूच्या खुणा करून. बटणं मात्र बाईंनीच लावायची, हे बाईंनी सोडलं नाही.

चोविसाव्या दिवशी पट्टी निघाली. "उद्यापासून येऊ नका," बाई म्हणाल्या. काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर. अंगणात टप दुमडून ठेवलेला होता, खोळ वर नुसती पसरलेली. बाईंनी अठरा बटणं एकेक करून लावली, टच्‌, टच्‌, आणि वळून काकांसमोर दोन्ही हात धरले. आधी तळवे, मग पालथे.

काकांनी चष्मा पुसला आणि दहाही बोटं एकेक करून तपासली.