तर्री टाकू का?

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

बाबांचं विसरणं वाढत चाललंय. ते मनाने अजून पंचाऐंशी सालच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या कॉलनीतच असतात, ड्युटीची बस पकडायच्या घाईत. डॉक्टर म्हणाले, रक्तातली चरबी वाढलीये, ती मेंदूलाही बरी नाही. म्हणून मीच आईला भाजीवरची तर्री बंद करायला लावली.

आज जेवताना बाबांनी वाटी सरकवली आणि आईलाच विचारलं, "बाई, तुमी कोन? माही बायको बिना तर्रीची भाजी नाई वाढत. कुठी गेली ते?"

मी नको नको म्हणत असताना आईने तेल-तिखट कडकडीत करून वाटीत ओतलं.

एक घास खाऊन बाबा तिला म्हणाले, "आली का तू? कवाचा वाट पाहून राह्यलो!"

आता संध्याकाळची भाजी शिजतेय. आई विचारते, "तर्री टाकू का रे?"

काय सांगू तिला?