समीक्षाने माफी लिहून दिली नाही

शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या माळावर एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. नाव सांगत नाही. तशी कॉलेजं तेव्हा जागोजाग उभी राहत होती, एकाचं नाव घेऊन भागणार नाही. समीक्षा गोजर तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होती. आटगाव स्टेशनपलीकडच्या गावातल्या काळूराम गोजरची ही थोरली मुलगी. काळूराम भातशेती करून जवळच्या कारखान्यात रोजंदारीवर जायचा. पोरीने ठाण्याला डिप्लोमा केला आणि २००७ साली ती इथे लागली. लॅबच्या कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या.

त्यातल्या एका लोखंडी कपाटात डझनभर बोर्ड होते. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर प्रोसेसर, मेमरी आणि दोन-चार सॉकेट. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, फक्त पडदा, कीबोर्ड आणि हार्डडिस्क नसलेला. मुलांनी त्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चढवावी, मोटार चालवावी, काहीतरी शिकावं म्हणून घेतलेले. पण कपाट उघडायचं ते तपासणी समिती यायची तेव्हाच. बोर्ड टेबलावर मांडायचे, समितीने मान डोलवायची, की परत कुलपात. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडायची नाही, असा एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांचा हुकूम.

"सर, वापरले नाहीत तर पोरं शिकणार कशी?" समीक्षाने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"आणि मोडले तर समितीला काय दाखवू? तुमचं तोंड?"

ते वाक्य तिच्या डोक्यात ठसठसत राहिलं. शिकवायच्या वस्तू शिकवायला नाहीत, दाखवायला आहेत, हे ज्या माणसाला लाज न वाटता बोलता येतं, त्याच्या हाताखाली आपण काम करतो, याचाच तिला राग यायचा.

२००९ साली शेवटच्या वर्षाला भाविका नावाची मुलगी होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून यायची. तेव्हा कल्याणला एका गल्लीत तयार प्रोजेक्ट विकत मिळायचे. चकचकीत डबा, छापलेला रिपोर्ट, तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरं, सगळं एका पिशवीत. वर्गातली बहुतेक मुलं तिथूनच आणायची आणि हे शिक्षकांनाही ठाऊक होतं. भाविका मात्र लॅबमध्ये येऊन म्हणाली, "मॅडम, मला विकत नाय आणायचा. मला करायचाय."

तिला बोर्डावर लिनक्स चढवून शेतावरचा पंप चालू-बंद करायचा होता. समीक्षा उठली, एचओडी सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "सर, प्रोजेक्टसाठी एक बोर्ड भाविकाला देते."

सरांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "तुमच्या जबाबदारीवर."

तिने कपाट उघडलं आणि पिशवी टर्रकन फाडली.

बोर्डाला पडदा नव्हता, म्हणून त्याला एका वायरने लॅबमधला जुना पीसी जोडायचा. बोर्ड जे काही बोलेल ते पीसीवर अक्षरांत उमटतं. पहिल्या दिवशी नुसता कचरा उमटला, कारण दोघांच्या बोलण्याचा वेग वेगळा होता. तो जुळवला. मग या बोर्डाच्या प्रोसेसरला चालेल असा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पीसीवर तयार करून वायरीतून खाली पाठवला. कर्नल सुरू होतोय, अशी इंग्रजीत ओळ आली. आणि पुढे काही नाही. नुसता चौकोनी कर्सर लुकलुकत राहिला.

कित्येक आठवडे ते तिथेच अडलं. बोर्डाबरोबर आलेली सीडी उघडून पाहिली तर तिच्यातल्या सूचना भलत्याच, जुन्या मॉडेलच्या. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या आधी कुणी तक्रार केली नाही." करणार कोण? सगळे कपाटातच होते ना!

कॉलेजात इंटरनेट फक्त प्रिन्सिपॉलच्या खोलीत. मग समीक्षा कामावरून सुटली की शहापूरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. असले बोर्ड वापरणारे लोक जगभरातून एका मेलिंग लिस्टवर एकमेकांना प्रश्न विचारायचे. तिनेही विचारला. पहिलं उत्तर आलं की आधी जुन्या मेल वाचा. दुसरं उत्तर ब्राझीलमधल्या कुणा माणसाचं होतं. त्याने लिहिलं, प्रत्येक मॉडेलला एक नंबर असतो, तो चालू होताना कर्नलला सांगितला जातो. तुमच्या सीडीतला प्रोग्राम जुन्या मॉडेलचा नंबर सांगतोय. कर्नलला वाटतंय आपण दुसऱ्याच घरात आहोत, म्हणून तो गप्प आहे.

नंबर बदलला आणि कर्नल बोलायला लागला. पानभर ओळी धडाधड वर सरकल्या, आणि शेवटी 'पॅनिक' म्हणून पुन्हा ठप्प. आता त्याला त्याच्या फायलींची जागा सापडत नव्हती. मेमरीचे भाग कुठून कुठपर्यंत, हेही कर्नलमधल्या त्या मॉडेलच्या फाइलीत चुकीचं लिहिलेलं निघालं. भाविकाने स्वतः आकडे मोजून काढले, दोन ओळी बदलल्या, पुन्हा कर्नल बांधला. त्या दुपारी लॅबमध्ये दोघीच होत्या.

"मॅडम! विचारतंय! नाव विचारतंय आपल्याला!" भाविका ओरडली. पडद्यावर लॉगिन अशी अक्षरं येऊन थांबली होती. समीक्षाने पटकन डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सांग ना गो, बघतेस काय?"

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. एकामागून एक डबे टेबलावर आले. तीन गटांचं यंत्र तर एकच होतं, फक्त डब्यांचे रंग वेगळे. दिवे लागले, बझर वाजले, परीक्षक खूष. मग भाविकाची पाळी. उघडा बोर्ड, काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिने हुकूम टाइप केला, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक् करून वाजला, पंपाऐवजी लावलेला बल्ब पेटला.

"एवढंच?" परीक्षक म्हणाले.

"सर, याच्यावर लिनक्स आम्ही चढवलंय. आधी ते चालूच होत नव्हतं..."

"ते सीडीबरोबर येतंच ना?"

भाविका समजावून सांगायला लागली, तेवढ्यात एचओडी सर पुढे झाले. "हा बोर्ड समितीसाठी ठेवलेला आहे, सर. परवानगीशिवाय बाहेर काढलाय. हा प्रोजेक्ट धरता येणार नाही."

समीक्षा मागे उभी होती. ती तशीच पुढे आली. "सर, मी तुम्हाला विचारून दिला. तुमच्या केबिनमध्ये उभी राहून विचारलं."

"मला आठवत नाही."

"आठवत नाय?" तिचा आवाज चढला. "ते लाल, निळे, पिवळे डबे कुठून आलेत ते आठवतंय ना तुम्हाला? ते धरता येतात, आणि पोरीने स्वतःच्या हाताने केलेलं धरता येत नाय?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. भाविका नापास झाली. रंगीत डबे सगळे पास.

दुसऱ्या दिवशी समीक्षाच्या हातात मेमो पडला. कॉलेजच्या वस्तूचा गैरवापर आणि पाहुण्यांसमोर उद्धटपणा. माफी लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी करार नाही. सहकारी म्हणाले, दोन ओळी तर लिहायच्यात, लिही आणि मोकळी हो. दोन ओळींनी काय होतं ते तिला त्या बोर्डावर नुकतंच कळलं होतं.

घरी तिने सगळं सांगितलं. काळूराम ओट्यावर पाय सोडून बसला होता. त्याला बोर्ड कळला नाही की लिनक्स कळलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "चूक तुजी हाय का?"

"नाय, बाबा."

"मंग माफी कसली? नको जाव तितं."

ती गेली नाही. पण घरी बसली असंही नाही. भाविकाला घेऊन ती विद्यापीठात गेली. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आज साहेब नाहीत, उद्या या, असं कित्येकदा झालं. एका कारकुनाने भाविकाला सल्ला दिला, "तूही एखादा डबा आण ना, कशाला त्रास?" पोरगी रडकुंडीला आली. समीक्षा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता साहेब येईपर्यंत आमी इथून हलत नाय." साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी हिवाळ्यात नव्या परीक्षकासमोर पुन्हा परीक्षा घ्यायचा आदेश निघाला आणि कॉलेजने बोर्ड द्यावा असंही त्यात लिहिलेलं होतं.

कॉलेजने कोराच बोर्ड दिला, मुद्दाम. आधीचा सापडत नाही म्हणे. भाविकाने तो हातात घेतला आणि एका दुपारात लिनक्स चढवलं, कारण आता वाट ठाऊक होती. नवे परीक्षक खुर्ची जवळ ओढून बसले, पॅनिक का आलं होतं, ते खोदून खोदून विचारलं. ती पास झाली. त्या दोन चुकीच्या ओळींची दुरुस्ती दोघींनी मेलिंग लिस्टवर पाठवली होती. तीही पुढे जगभर वापरल्या जाणाऱ्या मूळ कर्नलमध्ये घेतली गेली, खाली दोघींची नावं. कॉलेजात कुणाला याचा पत्ता नव्हता.

या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी समीक्षा गेटबाहेरच थांबली होती, तिला आत सोडलं नव्हतं. एचओडी सरांची गाडी बाहेर पडताना थांबली. काच खाली करून ते भाविकाला म्हणाले, "अभिनंदन. कॉलेजचं नाव काढलंस." मग समीक्षाकडे बघून हसले. "झालं गेलं विसरा आता."

"विसरू कसं, सर? वर्ष तिचं गेलं, नोकरी माझी गेली. तुमचं काय गेलं?"

काच वर गेली. गाडी धूळ उडवत निघून गेली. पुढे समीक्षाला मुरबाडच्या एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि भाविका पुण्याला लागली, पण भरती पुढच्या उन्हाळ्यातच असल्याने वर्गातल्या डबेवाल्यांपेक्षा वर्षभर उशिरा. ते वर्ष तिला कुणी परत दिलं नाही. चुकलो, असा एक शब्दही कुणी काढला नाही.