दात कायनं घासता?

बिसेनबाई रोज सकाळी ऑफिसात आल्या की चपला काढून आधी वजनकाट्यावर उभ्या राहत. आकडा पाहून उतरत, पुन्हा चढत, पुन्हा पाहत. मग रक्तदाबाचं यंत्र स्वतःच्या दंडाला गुंडाळून घेत. आकडा कालच्यापेक्षा वेगळा आला तर त्यांना स्वतःची काळजी वाटत नसे, यंत्राचा संशय येई. "यंत्र खोटं बोलते, मानूस बी खोटं बोलते," त्या म्हणत. "कोन किती बोलते, ते पाहाचं."

मी कामाला लागले त्या दिवशी हा सगळा प्रकार दारात उभी राहून पाहिला. दोन हजार आठ-नऊचा काळ असेल. बी.एस्सी. करून मी घरी बसले होते. गोंदिया जिल्ह्यात एक आरोग्य पाहणी सुरू झाली होती. कुणाला रक्तदाब आहे, कुणाला साखर, कुणाच्या तोंडात जखम, आणि त्यामागे कोणत्या सवयी असाव्यात, हे घरोघर जाऊन विचारायचं. चार-पाच बायका गावांत फिरत आणि भरलेले फॉर्म संध्याकाळी आणून देत. ते तपासायचे, आणि त्यातल्या काही घरी पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारून उत्तरं जुळतात का ते पाहायचं, हे माझं काम. थोडक्यात, मला पगार संशय घेण्याचाच होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. बाजारात हिंदी, घरी मराठी, वहीत इंग्रजी आणि चारचौघांत गप्प, अशी माझी चार भाषांची विभागणी होती. कागदांशी बोलायचं काम मिळालं म्हणून मी खूश होते.

बिसेनबाई पूर्वी एका उपकेंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर या पाहणीत आल्या. काटक बांधा, पांढरी सुती साडी, आणि समोरच्याकडे डोळे बारीक करून पाहायची सवय. काट्यावरून उतरून त्यांनी मला तसंच पाहिलं.

"तू तपासनार आमाले?"

"तुम्हाला नाही. फॉर्म तपासणार."

"एकच झालं. शाळा कोनती?"

मी नाव सांगितलं.

"म्हनजे इंग्लिशबाई. बरं इंग्लिशबाई, तुही माय दात कायनं घासते?"

पहिल्याच भेटीत हा प्रश्न मला उर्मट वाटला. "टूथपेस्टनं," मी म्हणाले.

"पाहेलं का?"

मी फॉर्मचा गठ्ठा उघडला आणि त्यात डोकं घातलं.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गावात गेले ते अर्जुनी मोरगावच्या बाजूला. तलावाखालची धानाची बांधी, मग चिंचेची दोन झाडं, मग गाव. आम्हाला पाहून दारं लागली. एक म्हातारा मात्र मुद्दाम बाहेर आला. "रगत कायले नेता? नागपूरले इकता म्हनतेत."

बिसेनबाईंनी पिशवीतून सुई काढली आणि आधी स्वतःच्या बोटाला टोचली. थेंब वर आला तो त्याला दाखवला. "हे माह्यं. घेऊन जा नागपूरले. कोनी इकत घेतलं त मले बी सांगजो."

म्हातारा हसला आणि त्यानं बोट पुढे केलं. दारं उघडली. पण माझ्या डोळ्यांत खरी खुपली ती पुढची गोष्ट. प्रश्न विचारायची वेळ आली की बाकीच्या बायका अंगणात खाटेवर बसून फॉर्म भरत. बिसेनबाई सरळ सांधीत, म्हणजे स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. आतून हसण्याचे आवाज येत. मी बाहेर कोंबड्या पाहत बसे. त्या बाहेर आल्या की म्हणत, "तू माह्यावर नजर ठेवून राहिलीस. ठेव. मी बी तुह्यावर ठेवतो."

मी एक छोटी वही केली होती. तिच्यात लिहिलं, 'दार बंद करतात. का?'

ऑफिसात त्यांचे फॉर्म वेगळे काढून पाहू लागले तेव्हा माझा संशय घट्ट झाला. सत्ताविसावा प्रश्न होता, 'आपण तंबाखूचे किंवा तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' बाकी सगळ्यांच्या फॉर्ममध्ये बायकांचं उत्तर 'नाही'. बिसेनबाईंच्या फॉर्ममध्ये बहुतेक सगळ्या बायकांचं 'होय'. एकाच तालुक्यातल्या, एकाच प्रकारच्या घरांतल्या बायका. शिवाय त्या 'होय'च्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं एक अक्षर असे. 'गु.'

मी लाजले. मग चिडले. सरकारी कागदासारख्या कागदावर असलं घाणेरडं अक्षर या बाई का लिहितात, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी खोडरबर घेतला आणि पुसून टाकलं. रोज संध्याकाळी पुसत असे. कागद स्वच्छ दिसावेत, एवढाच हेतू.

मग मी त्यांच्या यादीतल्या काही घरी एकटी जाऊन आले. फुलवंताबाई नावाच्या एका बाईच्या फॉर्मवर 'होय' होतं, आणि 'तोंडात पांढरा चट्टा, तपासणीस बोलवावे' असंही. मी प्रश्न वाचला. ती ठामपणे 'नाई' म्हणाली. पुढच्या घरी 'नाई'. त्याच्या पुढच्या घरी तर मला चहाही न देता 'नाई'. परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं की बिसेनबाई गावात गप्पा मारतात आणि उत्तरं मनानं भरतात.

त्यांना विचारलं नाही. पाहणीच्या साहेबांना टाइप केलेलं एक पान दिलं. साहेब म्हणाले, "चांगलं काम केलंस." त्यांनी बिसेनबाईंना घरी बसायला सांगितलं, त्यांचे सगळे फॉर्म बाजूला ठेवले, आणि त्या फॉर्मवरून तोंडाच्या तपासणीसाठी ज्या बायकांना गोंदियाला बोलवायचं होतं, ती यादीही थांबवली. खोट्या यादीवर डॉक्टरांचा वेळ कशाला घालवायचा? मला ते योग्यच वाटलं.

दोन दिवसांनी बिसेनबाई ऑफिसात आल्या. काट्यावर चढल्या नाहीत. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सायब म्हनतेत, मी झाडाखाली बसून फारम भरतो. कोनी सांगतलं ते सांगत नाई. मी बी इचारत नाई." डोळे बारीक. "उद्या मी फुलवंताच्या घरी जातो. तुले यायचं असन त सात वाजता स्टँडवर ये."

मी गेले. खरं सांगायचं तर बिसेनबाई फुलवंताबाईला उत्तर पढवायला जात असणार, असं वाटलं म्हणून गेले. एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

फुलवंताबाई अंगण सारवत होती. आम्हाला आत घेतलं. चुलीजवळ बसल्यावर बिसेनबाई म्हणाल्या, "पहिले तू इचार. फारमात हाये तसंच. कानामात्रा नोको बदलवू."

मी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "आपण तंबाखूचे किंवा तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?"

"मांगच्या डावी बी इचारलं होतं हिनं," फुलवंताबाई बिसेनबाईंना म्हणाली. "शेवन म्हनजे का वो बाई? शेवन त आमी तीर्थाचं करतो. तंबाखू मानसं खातेत. आमी बायका नाई खात."

बिसेनबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फुलवंता, दात कायनं घासतेस?"

"मंजनानं."

"आन बरं."

तिनं फडताळातून बोटभर उंचीची पत्र्याची डबी आणली. आत काळसर, ओलसर, गुळासारखं काहीतरी.

"दिवसातून किती डाव?"

"सकारी. जेवल्यावर. निंदन करून आली का. झोपाच्या पहिले." ती हसली. "नाई घासलं त डोकं धरते नं बापा. कामात मन नाई लागत."

"हे गुडाखू," बिसेनबाई मला म्हणाल्या. समासातलं अक्षर ते हेच. गु. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. "बुडाशी बारीक लिहिलं हाये. मले चष्म्यानं बी दिसत नाई. वाच. तुले वाचता येते."

हिंदीत होतं. अक्षरं मुंगीएवढी. गूळ, चुना, आणि पहिलाच शब्द, तंबाखू. मी वाचून दाखवलं.

फुलवंताबाई आधी हसली. मग तिनं माझ्या हातातून डबी घेतली, उलटी केली, आणि बिसेनबाईंना विचारलं, "हे पोरगी खरं वाचून राहिली का? मंजनात कायले टाकतीन तंबाखू?"

"तिले नोको इचारू. रोज घासल्याबिगर डोकं काऊन धरते, ते डोक्याले इचार," बिसेनबाई म्हणाल्या. मग टॉर्च काढली. "आ कर."

त्यांनी गालाच्या आत पदराच्या स्वच्छ टोकानं पुसून पाहिलं. पांढरा चट्टा पुसला गेला नाही. मीही पाहिला, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

"तुमी म्हनलं होतं, गोंदियाले बलावतीन," फुलवंताबाई तोंड मिटून म्हणाली. "बलावलं नाई मंग."

बिसेनबाई टॉर्च पिशवीत ठेवू लागल्या. एवढीशी टॉर्च ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई देवापुढे दिवा लावत होती. आमचं घर फुलचूरला, सिमेंटचं, न्हाणीघरात टाइल्स. मी चप्पलसुद्धा न काढता आत गेले आणि आरशामागच्या फळीवर हात घातला. डबी होती. झाकण वेगळ्या रंगाचं, पण तीच. माझ्या जन्मापासून ती तिथेच होती, आणि तिला आम्ही 'आईचं मंजन' म्हणत असू. टूथपेस्ट माझी आणि बाबांची.

मला तोंडानं बोलणं जमलं नसतं, म्हणून साहेबांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, कारण लपवाछपवी न करता लिहिता येईल अशी तेवढी एकच भाषा माझ्याकडे होती. लिहिलं की मी छापील प्रश्न विचारला आणि मला खोटं उत्तर मिळालं. बिसेनबाईंनी आपला प्रश्न विचारला आणि त्यांना खरं मिळालं. समासातलं अक्षर हा त्याचा पुरावा होता आणि तो मी रोज खोडरबरानं पुसला. आणि मी तपासून बरोबर ठरवलेल्या बाकीच्यांच्या फॉर्ममधले 'नाही' बहुधा चूक आहेत.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, पाहणीचा नियम असा की प्रश्न सगळीकडे एकाच शब्दांत विचारायचा. बिसेनबाईंनी तो बदलला, म्हणून त्यांचे फॉर्म मोजणीत घेता येणार नाहीत. बाकीच्यांचे घ्यावे लागतील.

"चुकीचे असले तरी?"

"सगळे एकसारखे चुकीचे आहेत," ते म्हणाले. थट्टा करत नव्हते.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. "सर, मोजू नका. पण बायकांना बोलवा." एवढंच. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. यादी दुसऱ्या दिवशी सुटली. फुलवंताबाईचा चट्टा वेळेत काढला गेला. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने थांबली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं.

बिसेनबाईंना साहेबांनी पुन्हा कामावर बोलावलं, प्रश्न छापील शब्दांत विचारायच्या अटीवर. त्या आल्या, काट्यावर चढल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "सांगतलं तेवढंच बोलाचं असन त यंत्र ठेवा, सायब." आणि निघाल्या.

मी त्यांच्या मागे जिना उतरले. आईचं तोंड आतून तपासायला याल का, असं विचारलं. त्या थांबल्या. "टूथपेस्ट नं?" एवढंच म्हणाल्या. पण रविवारी आल्या.

आईनं चहा दिला. त्यांनी आधी कप हुंगला, मग घेतला. मला आईनं 'कधीतरी घासते' असं सांगितलं होतं. बिसेनबाईंनी आईला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. बाहेर आल्यावर आईनं स्वतःहून सांगितलं, दिवसातून पाच वेळा, लग्नाआधीपासून.

"साफ हाये," बिसेनबाई मला म्हणाल्या. "आतापर्यंत."

फाटकाशी मी सॉरी म्हणाले. ते मला इंग्रजीतच येत होतं.

"तुही चिठ्ठी सायबानं समजावून सांगतली. बरी लिहिली." त्यांनी पिशवी खांद्यावर सरकवली. "लिहाले तुले येते. मले इचारलं असतंस, त खोडरबर वाचला असता."

काही वर्षांनी त्या गेल्या. मला उशिरा कळलं. मी अजूनही असल्याच पाहण्यांचे फॉर्म तपासते, आणि समासात कुणी काही खरडलं असेल तर आधी फोन करते.

त्या दिवशी फाटकातून बाहेर पडल्यावर त्या पुन्हा वळल्या होत्या. आई ओट्यावरून म्हणाली होती, "सोडते हो बाई. आजपासून बंद."

बिसेनबाईंनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाहात जाजो," म्हणाल्या.

म्हणून मी पाहते. रोज सकाळी आरशामागच्या फळीवर हात घालते. डबी नसते. मग मी तांदळाच्या पिंपामागेही पाहते.