बकुळाने मागितलेली कायमची नाइट

मोरिवलीच्या चाळीत बकुळा चिडली की आधी भांड्यांना कळायचं. त्या दिवशी तिने पातेलं असं आपटलं की, नीट ऐकू यावं म्हणून शेजारच्या बनूबाईंनी आपला भरभरणारा स्टोव्हच बंद केला.

बकुळा आदल्या दिवशीच दवाखान्यातून पिशवी साफ करून आली होती. तिसऱ्या बाळंतपणातच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंगात रक्त नाही, चौथं झेपायचं नाही. तरी दिवस राहिले, आणि राहिले ते घरातल्या विद्वानाच्या कृपेने.

विद्वान म्हणजे नवरा हरिचंद्र. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पिंपं उचलायचा. एक आठवडा डे, एक आठवडा नाइट. बकुळाला गोळ्यांनी मळमळायचं, तेव्हा याने शोध लावला. "नाइटच्या आठवड्यात मी रात्री घरात असतो का? मग गोळी कशाला खातेस? डे लागली की खा."

तेव्हा आपल्यालाही ते पटलं होतं, हे बकुळाला आता जास्त झोंबत होतं. शोध घरातच राहता तरी बरं. हरिचंद्राने तो पानाच्या टपरीवर वाटला, आणि चाळीत आणखी दोन घरी कैऱ्यांची फर्माईश सुरू झाली.

आरोग्य केंद्राच्या सिस्टर इंदुबाई दारातच कडाडल्या, "गोळी काय नवऱ्याचा डबा आहे, तो असेल त्या रात्री घाला, नसेल तर चूल बंद? रोज म्हणजे रोज! तो दुबईला गेला तरी!"

"गोळी नकोच आता. तांबी बसवा."

"तांबी चांगली, काही वर्षं बघायला नको. पण अंगावरून जास्त जाऊ शकतं. तुझ्यात आधीच रक्त कुठंय?"

"मग ऑपरेशन करा माझं."

"त्याने कायमचं मिटेल. पण पोटाचं काम ते, आधी रक्त वाढव. तोवर निरोध."

आत हरिचंद्र खाकरला. निरोधची पाकिटं फळीवर तशीच होती. साहेबांना आवडत नव्हती.

"सगळ्यात सोपं पुरुषाचं," इंदुबाई मुद्दाम आवाज चढवून म्हणाल्या. "पोटाला हातसुद्धा लावत नाहीत. आठवडाभर जड उचलायचं नाही, मग पिंप उचला नाहीतर म्हैस."

हरिचंद्र बाहेर आला. "माझी ताकद गेली तर? आणीबाणीत माणसं धरून नेलेली बघितलीयत मी!"

"तुम्हाला कोण धरून नेतंय?" बकुळा उसळली. "नवऱ्याला विचारतेय मी! गोळी खाऊन ओकले मी, दिवस राहिले मला, टेबलावर झोपले मी. माझी ताकद गेली ती दिसली नाही? तुम्ही काय केलंत? टपरीवर अक्कल वाटलीत!"

"ऑपरेशन बायकांनीच करायचं असतं," हरिचंद्र म्हणाला, आणि चप्पल घालून सटकला.

अंगात जरा त्राण आल्यावर बकुळा पदर खोचून कारखान्याच्या गेटवर गेली. सुपरवायझर शंकरराव बाहेर आले. "काय वहिनी, हरिचंद्र बरा आहे ना?"

"ठणठणीत आहेत. त्यांना कायमची नाइट द्या."

"का हो?"

"त्यांचाच शोध आहे, नाइटला गोळी लागत नाही. मला आता कुठलीच गोळी सोसत नाही. तेव्हा नाइटच द्या."

शंकररावांनी पान गिळलंच. गेटवरची माणसं भिंतीकडे तोंड करून हसत होती. नाइट कोणालाच नको असायची. आपली नाइट हरिचंद्राला देऊन त्याची डे घ्यायला रांग लागली, आणि त्याच्या नशिबी कायमची नाइट आली.

"खात्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" हरिचंद्र घरी येऊन ओरडला.

"रात्रीचं कोण बघतंय तोंड?"

गणपती गेले, दिवाळी गेली. जो तो विचारी, "काय हरिचंद्र, नाइट मानवते ना?" शेवटी गडी आपणहून इंदुबाईंकडे गेला. ऑपरेशन झालं. सांगितला तेवढा आराम करून त्याने खात्यात सगळ्यांदेखत भरलेलं पिंप उचललं आणि शड्डू ठोकायचा तेवढा बाकी ठेवला. सकाळी घरी आला तो हसतच. "काही म्हणजे काही झालं नाही गं! उगाच घाबरलो. आता डे मागून घेतो."

बकुळाचा राग उतरायच्या ऐवजी आणखी भडकला.

"एवढंच होतं? आठवडाभराचं काम? आणि त्यासाठी मी तिथं टेबलावर झोपले?"

हरिचंद्राचं हसू विरलं.

"सिस्टर म्हणाल्यात," बकुळा म्हणाली, "लगेच भरवसा नाही. तीन महिने निरोध, मग तपासणी. तपासणीत सगळं साफ निघू दे, मग शंकररावांना मी सांगेन. तोवर नाइट."

त्याने फळीवरची पाकिटं खाली काढली. बकुळाने पातेलं आपटलं. बनूबाईंनी पुन्हा स्टोव्ह बंद केला.