तांदळाच्या डब्यातला मोबाईल

महांतेश माझ्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. घरचे चकलांब्याचे, किराणा दुकानवाले. हा मात्र बीडमध्ये एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळी. कॉलेज, वसतिगृह, कचेरी, सगळीकडच्या स्विचना, म्हणजे जोडणीच्या पेट्यांना, माहितीच्या वाटा ठरवून देणारा संगणक एकच. कोणत्या वाटेवर माहितीची किती गर्दी झाली हे मोजायचं यंत्र संस्थेचे सचिव भगवानराव यांना महाग वाटलं. महांतेशने बिनखर्चाची युक्ती काढली. कोण कोणत्या वाटेने जातं हे त्या संगणकाला ठाऊकच असतं. मग प्रत्येक स्विचला कशाला विचारायचं? मोक्याच्या मोजक्या जागी विचारायचं, बाकीचं वजाबाकीने निघतं.

सगळे खूश झाले. पण गर्दी वाढली की इशारा यायचा तो त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर. जेवताना, नारायणगडाच्या जत्रेत, अंघोळीच्या वेळीही. सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसताना तेवढा तो मोबाईल माझ्या हाती देई. वर आवाज जाऊ नये म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवी.

त्याची बायको वर्षाराणी लातूरला शिक्षिका. लग्नापासून दोघं दोन गावी. अखेर त्याला लातूरला नोकरी मिळाली, पण भगवानराव मोकळं करीनात. त्याने कचेरीतल्या दीपमालाला सगळं शिकवलं. ती तयार झाली, तर ते म्हणाले, पोरीच्या जातीला रात्री-बेरात्री कोण उठवणार? महांतेश घाईने बोलून गेला, उठून यावं लागतच नाही, हे घरबसल्याही दिसतं.

भगवानराव हसले. "मग लातूरच्या घरी बसून बघ की. आजच सोडतो तुला."

सुटकेचा कागद हातात पडला. त्यात लातूरहून इशारे बघत राहायची अट लिहिलेली होती. त्याने सही केली. न करून काय करणार होता? गादी खाली उतरवताना मोबाईल वाजला, तेव्हा गादी जिन्यातच टाकून तो मोबाईल बघत पायरीवर बसला. मला त्याच्या अंगावरून जाता येईना, म्हणून मीही वरच्या पायरीवर थांबून राहिले.

परवा सकाळी वर्षाराणीचा फोन आला. आवाज दबका होता.

"काकू, हे पूजेला बसलेत. तुमी मोबाईल कुठं ठेवत होता?"

"तांदळाच्या डब्यात."

"ठेवला की. आमची खोली एकच हाय, काकू. ऐकू येतोय."

मागे तो वाजत होता. मलाही ऐकू आला.