शेवटच्याला हाक

खेळाच्या बाईंचा आवाज मैदानाच्या एका टोकाला सुटला की समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि वाटेत सापडेल त्याला सरळ करायचा. त्या प्राथमिक शाळेत त्यांची इतकी वर्षं गेली होती की त्यांच्या हाताखाली पोत्यात पाय घालून धडपडलेली मुलं आता आपापल्या मुलांना फाटकाशी सोडायला येत. बाई दिसल्या की हे बाप्ये नकळत पोट आत घेऊन ताठ उभे राहत.

मुलांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. कुणी ठेवलं ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठा भाऊ धाकट्याला दप्तराबरोबर हे नावही देऊन टाकायचा आणि सोबत एक ताकीद : बाईंच्या समोर चुकूनही नाही. बाईंना अर्थातच माहीत होतं. नळाच्या मागच्या भिंतीवर खडूने काढलेला, दोन पायांचा आणि एका वेणीचा भोंगा त्यांनी कितीदा पाहिला होता. पुसला मात्र कधी नाही. वेणी बरी काढली होती, एवढंच त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

ओरडायच्या तरी किती! पण त्या ओरडण्यात एक गोष्ट अशी होती की ती दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हती. शर्यत कुठलीही असो, पहिला कोण आला याकडे बाई फारशा बघतच नसत. पहिल्याला बघायला सगळं जग असतं. त्या बघायच्या शेवटच्याकडे. सगळे पोचले, कुणी रेंगाळत एकटंच मागे राहिलं, की बाई शेवटच्या रेषेवर उभ्या राहून त्याच्या नावाने हाक मारायला लागायच्या, आणि मग सगळ्या मैदानाने तीच हाक उचलायची. तो रेषा ओलांडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. नियम बाईंचाच : "नाव घ्यायचं. 'ए' नाही, 'चल चल' नाही. त्याला आईने नाव ठेवलंय ना? मग ते घ्या." शाळेतल्या यच्चयावत पोरांची नावं त्यांना पाठ होती. शेवटून पहिली येणारी मुलंही त्यामुळे रडत नसत. उलट एकदोन बिलंदर तर मुद्दाम रमतगमत येत.

त्या वर्षी शाळेची समुद्रापलीकडच्या एका शाळेशी जोडी जमली होती. महिन्यातून एकदा दोन्हीकडची मुलं पडद्यावर एकमेकांना बघायची. तिकडची मुलं आपलं अंगण दाखवायची, इकडची आपलं. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती, त्यामुळे भांडणंही होत नव्हती. दोन्ही शाळांनी एकमेकींना एकेक खेळ पाठवायचा असं ठरलं, तेव्हा बाईंनी खेळ पाठवलाच नाही. शेवटच्याला हाक मारायची ही रीतच मुलांकडून करून दाखवली. पुढच्या महिन्यात बघतात तर काय, तिकडची एक गुटगुटीत मुलगी धापा टाकत येतेय आणि अख्खा वर्ग तिच्या नावाने ओरडतोय! आवाज चित्राच्या जरा मागून यायचा, म्हणजे मुलगी पोचून पाणी प्यायला लागली तरी हाका चालूच. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "धूळ फार उडते इथे," त्या म्हणाल्या. वर्गात.

आणि मग त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, नेहमीचंच. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की आत गाठ आहे. गाठ साधी निघाली, काढूनही टाकली, पण निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता बोलायचं ते हळू. कुजबुजायचंही नाही, त्यानेही घशावर ताण येतो. आणि ओरडणं विसरा. पुन्हा ओरडलात तर उरलाय तोही आवाज जाईल."

बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग आणि समोर टिकटिक. इतकी वर्षं तो बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान वर न करता "हं" म्हणत आला होता. आता मात्र तो दर थोड्या वेळाने मान वर करून स्वयंपाकघरात बघून यायचा.

"काय हवंय?" बाई जेमतेम ऐकू येईल अशा घोगऱ्या आवाजात विचारायच्या.

"काही नाही गं. तू आहेस ना घरात, तेवढं बघितलं."

शाळेत परतल्या तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, त्यांना खोलीत बोलावून घेतलं. मोठ्या बाईंच्या हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. त्या कुठल्या वर्गाकडे निघाल्यात हे त्याच्या खुळखुळाटावरूनच कळायचं.

"वाचनालयाच्या बाई सोडून चालल्यात," मोठ्या बाई म्हणाल्या. "शांत जागा आहे. तुमच्या घशालाही बरं."

"भोंग्याला वाचनालयात?" खेळाच्या बाईंच्या तोंडून निघून गेलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना एवढंच माहीत होतं, की मैदानावर पोरं मोकाट सुटली आणि कुणाचा हात मोडला तर पालकांसमोर त्यांनाच उभं राहायचंय.

"मला मैदान द्या," बाई म्हणाल्या. "मी सांभाळते."

"क्रीडादिन होऊ दे. तोपर्यंत जमलं तर मैदान, नाही तर वाचनालय."

बाई बाहेर पडल्या. आयुष्यात दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. पुस्तकाची चार पानं वाचली की त्यांना झोप यायची.

पहिल्या दिवशी शिट्टी होती. पण शिट्टीला नाव घेता येत नाही. भिंतीवर चढलेल्या एकाला खाली उतरवायला त्यांनी शिट्टी फुंकली, तर खेळणारे सगळे थांबले आणि भिंतीवरचा तेवढा आरामात बसून राहिला. पुन्हा फुंकली, तर सगळे सुसाट पळत सुटले. मग मोठ्या बाईंनी बॅटरीवरचा कर्णा दिला. त्यातून बाईंचा घोगरा आवाज असा काही बाहेर पडला की पहिलीतली दोन पोरं भोकाड पसरून वर्गात पळाली आणि फळ्यामागे लपली. "भोंग्याला भोंगा लावला की असंच," शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं आणि बाई दारातच आहेत हे बघून चहा ढवळायला लागलं. बाईंनी कर्णा कपाटात ठेवून दिला.

अशात प्राण्यांचा दिवस आला. वर्षातून एकदा प्राणीकाका आपल्या गाडीतून एक गाढव, दोन ससे, चार बदकं, कोंबड्या आणि एक म्हातारा कुत्रा घेऊन येत. मुलांनी गोल करून बसायचं, चिडीचूप. प्राण्यांना वाटलं तर ते जवळ येतील, न वाटलं तर नाही. खेळाच्या बाईंना या दिवशी मैदानबंदी असायची. एका वर्षी त्या एका मुलावर ओरडल्या आणि कोंबड्या भिंतीवरून शेजारच्या कारखान्यात उडाल्या होत्या. तेव्हापासून प्राणी आले की बाई सामानाच्या खोलीत बसून चेंडूंना हवा भरत.

"या वर्षी थांबा की मैदानावर," मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या. बाईंच्या ते जिव्हारी लागलं. आता आपल्याला कोंबडीसुद्धा भीत नाही!

त्या एका कडेला उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने गाढव सावकाश चालत आलं आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं. चारशे पोरांमधून बरोबर त्यांनाच हुडकून काढलं त्याने. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. बाईंनाही हसू आलं असतं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. प्राणीकाका तोंडातून अवाक्षर न काढता नुसता हात हलवत होते, आणि तो म्हातारा कुत्रा बदकांना वळवून, गोल फिरवून, एका ओळीत टोपलीत नेऊन बसवत होता.

"तुम्ही त्याला हाक का मारत नाही?" बाईंनी विचारलं.

"याला ऐकूच येत नाही हो आता," प्राणीकाका म्हणाले. "कान गेले त्याचे. मला वाटलं, संपलं, आता घरी बसवायचा. पण हा घरी बसेना. माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मग मीच हात शिकलो."

बाई त्या संध्याकाळी आरशासमोर हात वर करून उभ्या होत्या. नवऱ्याने मान वर केली.

"काय विचारायचंय? विचार की."

"विचारत नाहीये. शिकतेय."

रीत साधी होती. बाईंनी तळहात उघडा ठेवून हात वर करायचा. ज्याला दिसेल त्याने आपलाही हात वर करायचा आणि तोंड मिटायचं. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. पहिल्या दिवशी तास संपला तरी चौथीतली टोळी खो खो हसत पळत होती. बाई हात वर करून तशाच उभ्या. खांदा भरून आला, तरी उभ्या. जित्याची खोड : ओरडायला तोंड उघडायचं आणि त्या पुन्हा दात आवळायच्या. हळूहळू पोरांना त्यातही मजा वाटायला लागली. सगळ्यात उशिरा हात वर करणारा म्हणजे बावळट, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, आणि मग काम सोपं झालं. मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. "एक वर्ग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "क्रीडादिनाला सगळी शाळा असते, वर पालक."

क्रीडादिनाच्या सकाळी बाईंनी स्वतः फक्की मारून रेषा आखल्या. शर्यती सोडायचं काम चित्रकलेच्या तरुण बाईंना दिलं होतं. शेवटच्या रेषेजवळ टेबलावर पडदा मांडला होता आणि त्यात समुद्रापलीकडचा वर्ग दाटीवाटीने बसला होता. लिंबू-चमचा झाला, पोत्यांची शर्यत झाली, रिले झाली. शेवटच्यांना हाका मारायचं काम मुलांनी चोख केलं. त्यासाठी आता बाईंची गरज नव्हती. हे त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पण पोरं आता इतकी रंगात आली होती, पालक असे मध्येमध्ये घुसत होते, की बाईंनी दोनदा हात वर केला तो त्यांच्या मागच्या चार जणांनाच दिसला. मोठ्या बाईंचा जुडगा अस्वस्थपणे खुळखुळत होता.

शेवटी शिक्षिकांची शर्यत. दरवर्षी बाई ती शर्यत सोडायच्या, धावायच्या नाहीत. या वर्षी हात मोकळे होते, म्हणून त्यांनाही ओढून रेषेवर उभं केलं. शिट्टी झाली आणि पाच बाया पदर-ओढण्या खोचून निघाल्या. खेळाच्या बाईंचा गुडघा अर्ध्यावरच कुरकुरला. गणिताच्या बाई पुढे गेल्या, इतिहासाच्या बाई पुढे गेल्या. जिला त्या रोज जिना चढताना हात द्यायच्या ती गाण्याची बाईसुद्धा पुढे गेली. चौघी पोचल्या. एवढ्या मोठ्या मैदानावर बाई एकट्या उरल्या, लंगडत.

मैदानाने तोंड उघडलं आणि मैदान गप्प झालं. शेवटच्याला हाक मारायची, नावाने मारायची. पण नाव काय? कुणीतरी "बाई!" म्हणून ओरडलं तर रेषेपलीकडच्या चौघी वळून बघायला लागल्या. मुलं एकमेकांची तोंडं बघत राहिली. चारशे जणांची नावं घेणाऱ्या बाईचं नाव एकालाही माहीत नव्हतं. बाईंना ते कळलं आणि ते गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. आपणच कधी सांगितलं नाही, त्या मनात म्हणाल्या, आता कुणाला बोल लावायचा?

तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून जिवाच्या आकांताने किंचाळली, "भोंगा!"

तिच्या भावाने झडप घालून तिचं तोंड दाबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग चौथीच्या टोळीतून आवाज आला, "भोंगा!" मग तिसरीतून. मग पलीकडून, जाड, मोठ्या माणसाचा : पोट आत घेऊन उभा असलेला कुणाचा तरी बाप होता तो. आणि मग सगळं मैदानच सुटलं. "भोंगा! भोंगा! भोंगा!" बाईंनी आयुष्यभर ज्या भिंतीवर आवाज आपटवला होता, त्याच भिंतीवरून ते नाव आता त्यांच्याकडे येत होतं. त्यांनी गुडघ्याला एक शिवी दिली आणि पळत सुटल्या.

रेषा ओलांडून त्या वळल्या. तोंड लालबुंद. आता आपलं काय होणार म्हणून पुढच्या ओळीतली पोरं पांढरीफटक पडली, मागची मात्र ओरडतच होती. बाईंनी श्वास घेतला आणि हात वर केला.

पहिल्या ओळीचे हात वर गेले. दुसऱ्या ओळीचे गेले. कडेकडेने पालकांचे गेले, काही जणांना आपण का हात वर करतोय हे ठाऊक नव्हतं. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत विझत गेला. मोठ्या बाईंचाही हात वर होता आणि त्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तोही वाजत नव्हता.

त्या शांततेत, नेहमीप्रमाणे जरा उशिराने, टेबलावरच्या पडद्यातून समुद्रापलीकडचा अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला, "बोंगा! बोंगा! बोंगा!"

बाई हसायला लागल्या. आवाज काही फुटेना, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही, म्हणून मैदानावर हसू दाबून दाबून सगळ्यांची पोटं दुखली तरी कुणी ब्र काढला नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी जुडग्यातून वाचनालयाची किल्ली काढली आणि गाण्याच्या बाईंना दिली.