जाहिराती चालू असताना

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोच्या, शोभाच्या कानावरही घातलेलं नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. लपवलं तरी तिला कळतंच. हे मात्र कळलेलं नाही. की कळलंय आणि ती बोलत नाही? बघा, सुरुवातीलाच माझा गोंधळ.

आधी जाहिरातींबद्दल बोलतो. म्हणजे बोलायचंय दुसरंच, पण तिथवर जायचा धीर होईपर्यंत जरा हे ऐकून घ्या. येलहंक्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी स्थानिक कानडी बातम्या लागतात. बातम्या कसल्या! निवेदिका येते, नमस्कार करते, मोठी बातमी आहे, छोट्याशा विश्रांतीनंतर, असं सांगते आणि जाते. मग देवनहळ्ळीकडचे प्लॉट, मग सोन्याची दुकानं, मग रेशमी साड्या. ती परत येते, तीच बातमी येणार आहे असं पुन्हा सांगते आणि पुन्हा जाते. बातमी चालू असतानासुद्धा पडद्याच्या दोन बाजूंनी कुकर आणि मसाले सरकत येतात आणि मंत्र्याचं तोंड कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं उरतं. एकदा एका डॉक्टरांची मुलाखत मी अर्धा तास मन लावून ऐकली, आणि शेवटी त्यांनी गुडघ्याच्या तेलाची बाटली काढली. आता यात बातमी कुठली आणि जाहिरात कुठली, माणसाने ओळखायचं कसं? मी फार चिडतो. टीव्हीशी भांडतो म्हणून शोभा मला हसते.

त्यावरून घरात एक रीत पडली. जाहिरात लागली की मी रिमोटने आवाज बंद करायचा, बातमी परत आली की सोडायचा. हे काम माझं. दुसऱ्या कुणी रिमोटला हात लावलेला मला खपत नाही. आवाज गेला की बाकीचे पडद्याकडे पाठ फिरवतात आणि गप्पांना लागतात. पडद्यावर नजर ठेवायची ती मी. माझ्या भरवशावर सगळे निर्धास्त—हे जरा लक्षात असू द्या.

सगळे म्हणजे मुख्यतः अक्का, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी लहान होतो, तिनेच मला वाढवलं. भावोजी गेल्यापासून ती आमच्याकडे असते. आमच्या घराण्याला या मुलुखात येऊन किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नीट सांगता येत नाही, तरी घरात मराठीच. मी शाळेत, ऑफिसात कानडीत वाढलो. अक्का चार भिंतींत राहिली, आणि आपल्या कानडीची तिला फार लाज. दारात कुणी आलं की ती मागे सरते आणि म्हणते, तू बोल रे दत्तू. आयुष्यभर तिच्या वतीने मीच बोलत आलो. मला ते आवडायचं का? आवडायचं, असंच म्हणायला हवं.

आता खड्ड्याकडे येतो. पाण्याच्या पाइपासाठी आमची गल्ली खणली आणि तशीच टाकली. पाऊस गेला, सण गेले, खड्डा तिथेच. एका दुपारी त्या बातम्यांच्या वाहिनीची माणसं कॅमेरा घेऊन आली. मी आणि शोभा कामावर. फाटकाशी अक्का एकटीच होती. त्यांनी तिच्यापुढे माईक धरला, आणि मागे सरायला मागे कुणीच नव्हतं म्हणून असेल—ती बोलली.

मी घरी आलो तर ती दारातच उभी. "मी बोलले रे दत्तू. कानडीत बोलले. पण काय बोलले ते काही म्हणता काही आठवत नाही बघ. आज बातम्यांत घालतो म्हणाले. आता टीव्हीवरच कळेल." तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला आनंद झाला. खरंच झाला, तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

शेजारच्या सरोजम्मांना तेवढं बोलावलं होतं. अक्का चांगली साडी नेसली, जणू टीव्हीतून तीच आपल्याला बघणार होती. निवेदिका आली. येलहंक्यात रहिवाशांचा संताप, म्हणाली, विश्रांतीनंतर. प्लॉट, सोनं, साड्या. पुन्हा संताप, पुन्हा विश्रांती. मी आवाज बंद केला. शोभा कॉफी करायला गेली, आणि माईकवाल्याने कसं बोलावलं ते अक्का सरोजम्मांना तिसऱ्यांदा सांगू लागली, पडद्याकडे पाठ करून. जाहिराती संपेचनात. माझं डोकं फिरलं. आपल्याला काय वेठीला धरलंय का या लोकांनी? मी वाहिनी बदलली. क्रिकेट लागलं होतं. नुसता स्कोअर बघावा म्हटलं—आणि बघत बसलो.

परत बातम्यांवर आलो तेव्हा पडद्यावर अक्का होती.

कोपऱ्यात लहानशी, भोवती कुकर. आवाज बंद. हात खड्ड्याकडे केलेला, तोंड हलत होतं. माझ्यामागे हातभर अंतरावर खरी अक्का बोलत होती. मी नुसतं "अक्का, बघ" म्हटलं असतं तर पुरे होतं. आवाज सोडला असता तरी पुरे होतं. वेळ होता. पण त्यांनी मान वळवली असती तर विचारलं असतं, अरे, कधी लागलं, तू काय करत होतास? एवढ्याशा प्रश्नाला मी भ्यालो. एवढ्याशा! मग सोन्याचं दुकान आलं, आणि मी आवाज बंदच ठेवला.

कॉफी आली. सगळे पुन्हा पडद्याकडे वळून बसले आणि मी त्यांना बसू दिलं. बातम्या संपेपर्यंत. सरोजम्मा उठताना म्हणाल्या, "नाळे बरतदे, बिडी." म्हणजे उद्या येईल, सोडा. मी म्हणालो, कापलं असेल त्यांनी. जाहिरातींना जागा हवी ना. वर त्या जाहिरातींना मनसोक्त शिव्याही घातल्या.

अक्काने कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "माझं कानडी स्वल्प वाकडं पडलं असेल रे. सरी, बरं, होऊ दे."

तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, फोनवर ती बातमी सापडली. आधी दोन जाहिराती बघाव्या लागल्या, त्या मी निमूट बघितल्या. मग अक्का. ती कानडीत म्हणत होती: "आमच्या गल्लीत आता सगळे जमिनीकडे बघून चालतात. शेजारीण समोरून गेली तरी तिचं तोंड दिसत नाही. तुम्हाला वाटतं आम्हाला खड्ड्याची सवय झाली. सवय झालेली नाही, साहेब. आम्ही जपून चालतोय, एवढंच." कुठेही अडखळली नाही. इतकं सरळ, इतकं चांगलं मला कधी बोलता आलेलं नाही. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा जाहिराती, पुन्हा अक्का. पाठ होईपर्यंत.

फोन घरी नेऊन तिच्या हातात द्यायचा होता, बस. काहीतरी थाप मारता आली असती—उशिरा दाखवलं, म्हणून. थापा मला येत नाहीत असं थोडंच आहे? मग का नाही दिला? हे मला खरंच कळत नाही. उलट किराणावाले मल्लण्णा म्हणाले, तुमच्या अक्कांना टीव्हीवर बघितलं, काय बोलल्या! तर मी त्यांना म्हटलं, तिच्यापुढे विषय काढू नका, तिला आवडत नाही. ते बिचारे आजही काढत नाहीत. हे तर घाबरून केलेलं नव्हतं ना?

पुढे देवळाच्या आवारात गल्लीची बैठक झाली. इंजिनियर आले होते. कुणीतरी म्हणालं, अक्का, तुम्ही बोला, तुम्ही रोज तिथूनच जाता. ती मागे सरली. तू बोल रे दत्तू. मी उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून आलं—आमच्या गल्लीत आता सगळे जमिनीकडे बघून चालतात. शेजारीण. सवय. जपून चालतोय. सगळं, शब्द न् शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियरांनी मान खाली घातली. थोड्याच दिवसांत खड्डा बुजला, आणि आता गल्लीत लोक मला थांबवून नमस्कार करतात.

बैठकीत मी अक्काकडे बघितलं होतं. तिला ओळखू आलं का? ती टाळ्या वाजवत होती. कधी वाटतं आलं, कधी वाटतं नाही. काय झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, तेही ठरवता येत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीपुढे होतो. विश्रांती लागली, मी आवाज बंद केला. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "किती छान बोललास रे. मला असं बोलता आलं असतं तर त्यांनी मलाही दाखवलं असतं बघ."

जाहिराती अजून चालूच होत्या. मी आवाज सोडला.